सोन्याचा टंच आणि शहरातले शिसे: मोजणाऱ्या किरणांची गोष्ट

तुम्ही कधी जुने सोने मोडायला नांदेडच्या किंवा लातूरच्या सराफ्यात गेला असाल, तर हे यंत्र तुम्ही पाहिलेले आहे. पूर्वी सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि डोळ्यांनी अंदाज करायचा. आता तो तुमची अंगठी एका पेटीत ठेवतो, झाकण लावतो, आणि मिनिटभरात पडद्यावर आकडे येतात. सोने इतके टक्के, चांदी इतकी, तांबे इतके, जस्त इतके. अंगठीला साधा ओरखडाही पडत नाही. त्या पेटीच्या आत क्ष-किरण असतात, म्हणजे माझ्याकडे खोकला घेऊन आल्यावर मी तुम्हाला ज्याचा फोटो काढायला पाठवतो तेच, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या पडद्यावर कधीकधी आणखी एक नाव दिसते: कॅडमियम. जुन्या दागिन्यांवर 'केडीएम' असा शिक्का असायचा आणि आपल्याकडे आजही अनेकांना तो शुद्धतेचा शिक्का वाटतो. प्रत्यक्षात ते कॅडमियमचेच बोलीतले नाव आहे. दागिन्याचे तुकडे जोडायला सोन्यात थोडे कॅडमियम मिसळलेली झाळ वापरत. घालणाऱ्याला त्याचा फारसा धोका नव्हता. धोका होता फुंकणी घेऊन ज्योतीसमोर बसणाऱ्या कारागिराला, कारण कॅडमियमची वाफ फुप्फुसे आणि मूत्रपिंडे खाते. म्हणून आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियमला जागा नाही.

हेच यंत्र शहरातली धूळ, भिंतीचा रंग, भांडी, हळद, कुंकू यांतले जड धातू मोजायला वापरतात. त्याचे नाव एक्स-रे फ्लुरोसन्स, थोडक्यात एक्सआरएफ. डॉक्टरने याबद्दल का लिहावे ते पुढे येईलच. आधी ते चालते कसे ते पाहू.

भांडेगल्लीत भांडे घेताना आपली आजी त्यावर टिचकी मारून पाहायची. तांब्याचा आवाज वेगळा, पितळेचा वेगळा, काशाचा वेगळा. एक्सआरएफमध्ये क्ष-किरण ही टिचकी असते. ती अणूच्या आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन उडवून लावते. रिकाम्या झालेल्या जागी बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडी घेतो आणि त्या उडीत उरलेली ऊर्जा नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. शिशाचा 'आवाज' शिशाचाच, पाऱ्याचा पाऱ्याचाच. यंत्र हे सगळे आवाज एकदम ऐकते आणि कोणता किती मोठा आहे ते मोजते.

रॉंटगेनना क्ष-किरण सापडले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडमधल्या चार्ल्स बार्क्ला यांच्या लक्षात आले, की क्ष-किरण पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे खास क्ष-किरण परत फेकते. त्याबद्दल त्यांना १९१७ सालचे नोबेल मिळाले. पण या शोधाला शिस्त लावली ती हेन्री मोझली या तरुणाने. १९१३ आणि १९१४ मध्ये त्याने एकेक मूलद्रव्य घेऊन त्याच्या किरणांची ऊर्जा मोजली आणि ती अणुक्रमांकाबरोबर ठरलेल्या गणिताने वाढत जाते हे दाखवले. म्हणजे किरण मोजला की समोर कोणते मूलद्रव्य आहे ते नक्की सांगता येते. एवढे काम करून हा मुलगा पहिल्या महायुद्धात गेला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीत गोळी लागून मेला. वय २७. आजची सगळी टंच यंत्रे त्याच्या त्या आलेखावर उभी आहेत.

पुढे १९२३ मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी यांनी याच पद्धतीने हाफ्नियम हे नवे मूलद्रव्य शोधले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांत वापरता येतील अशी यंत्रे आली. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी तिथली माती एक्सआरएफने तपासली. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर फिरलेल्या आपल्या प्रज्ञान गाडीवरचे एपीएक्सएस हे उपकरणही याच कुळातले. त्याने चंद्राच्या मातीत गंधक असल्याचे सांगितले ते असेच टिचकी मारून. तोपर्यंत पृथ्वीवरचे यंत्र हातात धरता येईल इतके लहान झाले होते. केस वाळवायच्या ड्रायरसारखे दिसते. वस्तूला लावायचे, घोडा दाबायचा, अर्ध्या मिनिटात उत्तर.

आता माझ्या कामाकडे वळतो. जड धातूंत मला सर्वांत जास्त काळजी शिशाची वाटते, आणि कारण साधे आहे. शिशाची विषबाधा दिसत नाही. फार जास्त झाली तर दिसते: पोटात पिळवटून दुखणे, हट्टी बद्धकोष्ठता, मनगट लुळे पडणे, हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ. ही रेघ हेन्री बर्टन या डॉक्टरांनी १८४० मध्ये नोंदवली आणि आम्ही एमबीबीएसला ती पाठ केली. पण मुलाच्या रक्तात मध्यम शिसे असेल तर त्याला काहीही होत नाही. खेळते, जेवते, शाळेत जाते. फक्त त्याला जितके जमले असते त्यापेक्षा थोडे कमी जमते. लक्ष लागत नाही, चिडचिड करते, रक्त कमी असते. आई म्हणते अभ्यासात मागे आहे, मास्तर म्हणतात खोडकर आहे. यातले कोणतेही लक्षण शिशाचे म्हणून वेगळे ओळखता येत नाही.

त्यामुळे शिशाचा इतिहास हा मोजण्याचा इतिहास आहे. अमेरिकेत मुलांच्या रक्तात किती शिसे चालेल याचा सरकारी आकडा १९६० च्या दशकात एका डेसीलिटरला ६० मायक्रोग्रॅम होता. १९७१ मध्ये तो ४० झाला, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये साडेतीन. या काळात मुलांचे शरीर बदलले नाही. मोजमाप बारीक होत गेले आणि जो आकडा काल निर्धोक वाटत होता त्याखालीही नुकसान दिसत गेले. यातला मोठा धक्का दिला हर्बर्ट नीडलमन यांनी. आपल्याकडे पडलेला दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकतात. नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या शाळांतल्या मुलांचे असे दात गोळा केले आणि १९७९ मध्ये दाखवले, की ज्यांच्या दातात शिसे जास्त त्यांची बुद्धी आणि लक्ष या चाचण्यांत पीछेहाट होते, मग त्यांना आजाराचे एकही लक्षण नसले तरी.

तेव्हा शहरांतले शिसे मुख्यतः पेट्रोलमधून येत असे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळले, की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये टाकले की इंजिन ठोके मारत नाही. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार भ्रम होऊन मेले, तरी ते जगभर विकले गेले. सगळ्या जगातून ते हद्दपार व्हायला २०२१ उजाडले. शेवटचा देश अल्जीरिया.

आपल्या राज्यात हे मोजण्याचे काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी केले. खांडेकर, मिश्रा आणि व्होरा यांचा शहरी भारतीयांच्या शिशाच्या संपर्कावरचा निबंध १९८४ चा आहे. पुढे रघुनाथ, त्रिपाठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या रक्तातले शिसे, कॅडमियम, तांबे आणि जस्त मोजले. ज्या भागात हवेत शिसे जास्त, तिथल्या मुलांच्या रक्तातही जास्त, असे चित्र निघाले. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्ली येथे तीन वर्षांखालच्या हजारावर मुलांचे रक्त तपासले गेले. जवळपास निम्म्या मुलांत आकडा १० च्या वर होता. त्याच सुमारास बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सात शहरांत तपासणी केली. तिथेही बारा वर्षांखालची निम्मी मुले १० च्या वर. १९९५ पासून चार महानगरांत आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशात शिसेविरहित पेट्रोल आले ते या काळात. नांदेड-लातूरच्या पंपावर 'अनलेडेड' अशी पाटी दिसायला लागली ती तेव्हाच. त्या पाटीचा अर्थ आपल्यापैकी कितीजणांनी विचारला होता?

या सगळ्या तपासण्यांत महानगरेच होती, हे तुमच्या लक्षात आले असेल. मराठवाड्यातले एकही शहर त्यांत नव्हते. लातूरचे नाव एका यादीत मात्र आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेतली धूळ मर्यादेत नसलेल्या शहरांत ते आहे, नांदेड नाही. पण धुळीचे वजन करणे वेगळे आणि धुळीत काय आहे ते पाहणे वेगळे. शेतातून उडालेली काळी माती आणि बॅटरी फोडण्याच्या जागेवरून उडालेली धूळ वजनाला सारखीच. देशाच्या हवेच्या २००९ च्या मानकांत शिशाची वेगळी मर्यादा आहे, वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम, आणि ते मोजायच्या मान्य पद्धतींत टेफ्लॉनच्या गाळणीवर धूळ धरून ती एक्सआरएफखाली ठेवणे ही पद्धत लिहिलेली आहे. गाळणी जळत नाही, विरघळत नाही, जपून ठेवता येते, आणि एकाच वेळी वीस-पंचवीस मूलद्रव्ये कळतात. त्यावरून ही धूळ रस्त्याची, ही कोळशाची, ही धातू वितळवण्याची असे वाटे पाडता येतात.

शिसे मराठवाड्याला नवे नाही. लातूरपासून जवळ असलेल्या तेर या गावी सातवाहनांच्या काळातले नगर होते आणि सातवाहन राजांनी शिशाची नाणी पाडली होती. दोन हजार वर्षांपूर्वी आपले लोक शिशाचे पैसे हाताळत होते. (जुनी नाणी न घासता, न कापता तपासायलाही हेच यंत्र वापरतात.) मग शेंदूर. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. नाटक कंपन्यांच्या आणि गवयांच्या गोष्टींत कोणीतरी मत्सराने शेंदूर खाऊ घातला आणि आवाज गेला असे आपण ऐकत आलो. शिसे नसांना इजा करते, त्यामुळे मला ही गोष्ट निव्वळ कल्पित वाटत नाही. घरी हळद आणि चुन्यापासून केलेले कुंकू ही वेगळी वस्तू. पण बाजारातल्या पुडीत काय आहे हे रंगावरून कळत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिंदुराचे ११८ नमुने तपासले. ९५ न्यू जर्सीतल्या दुकानांतले, २३ मुंबई आणि दिल्लीचे. दोन्हीकडे दर पाचांपैकी चारांच्या आसपास नमुन्यांत शिसे होते. बहुतेकांत थोडे, पण तीन नमुन्यांत इतके, की ती पुडी म्हणजे शिशाचाच रंग म्हणावा लागेल. मारुतीला शेंदूर लावायला माझी हरकत नाही. तो हात बाळाच्या तोंडाजवळ जाण्याआधी साबणाने धुवा, आणि शेंदराची वाटी रांगत्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

कल्हईचेही तसेच. पितळी पातेल्याला आतून लावायची कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथील महाग, शिसे स्वस्त, दोन्ही वितळल्यावर सारखेच चमकतात. नवसागराचा धूर उठला, पातेले चांदीसारखे झाले, की आपण खूश. त्यात आमटीसाठी चिंच उकळली की शिसे आंबटात उतरते. आता पितळ पुन्हा फॅशनमध्ये आले आहे, म्हणून हे सांगितले. आणि गरिबाघरचे जर्मनचे भांडे? अॅल्युमिनियमची जाड ओतीव कढई भंगार वितळवून केली असेल तर त्या भंगारात काय होते ते करणाऱ्यालाही ठाऊक नसते. प्युअर अर्थ या संस्थेने भारतासह २५ देशांच्या बाजारांत हातातले एक्सआरएफ यंत्र घेऊन सुमारे ५,००० वस्तू तपासल्या. धातूच्या स्वयंपाकाच्या भांड्यांत निम्म्याच्या आसपास शिसे ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. मसाल्यांत फारच कमी ठिकाणी. लोकांची भीती नेमकी उलटी असते, भांड्यावर कोणी संशय घेत नाही.

भिंतींचा रंग हा आणखी एक साठा. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असता कामा नये असा नियम आहे. त्याआधीचे ऑइलपेंट, विशेषतः पिवळे, लाल, हिरवे, अजून जुन्या दारे-खिडक्यांवर थरावर थर बसलेले आहेत. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून एक्सआरएफ यंत्र भिंतीला लावून असे थर शोधतात. आपल्याकडे दिवाळीआधी घासकागद घेऊन ते कोरडेच घासतात आणि पोरे त्याच धुळीत खेळतात. पाणी मारून घासा, आणि त्या दोन दिवसांत गरोदर बाई आणि लहान मुले दुसऱ्या घरी पाठवा.

पण आपल्या भागात मला खरी काळजी बॅटऱ्यांची आहे. भारनियमनाच्या वर्षांनी मराठवाड्यातल्या घराघरात इन्व्हर्टर आणला. प्रत्येक इन्व्हर्टरखाली शिशाच्या पट्ट्यांची बॅटरी. ट्रॅक्टरला बॅटरी, आता ई-रिक्षालाही बॅटरी. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी असे नियम २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने आले. तरी काही बॅटऱ्या भंगारात जातात, तिथे फोडल्या जातात, पट्ट्या वितळवल्या जातात. पोट दुखते, शौचास होत नाही, अशक्तपणा आहे म्हणून येणाऱ्या पुरुषाला मी व्यवसाय विचारतो तो त्यासाठी. उत्तर बॅटरीचे आले की पुढचा प्रश्न असतो: कामाचे कपडे कुठे काढता? घरी, असे म्हणाले की मग घरातल्या लहान मुलाचेही रक्त तपासावे लागते. बाप घरी येताना शिसे अंगावर घेऊन येतो आणि सगळ्यात आधी मुलाला उचलतो.

इथेच रक्ततपासणी अपुरी पडते. रक्त सांगते किती आहे. कुठून आले ते सांगत नाही. मुलाचा आकडा १८ आला आणि बाप बॅटरीचे काम करत नसेल, तर शोध कुठे घ्यायचा? रंग, भांडे, माती, मसाला, काजळ, खेळणे, औषध. वस्तूला यंत्र लावून बघणे हाच मार्ग.

औषधाचा उल्लेख केला तो जाणूनबुजून. २००४ मध्ये रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या आसपासच्या दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी ७० उत्पादने विकत घेतली आणि एक्सआरएफखाली ठेवली. १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. २००८ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ उत्पादने तपासली, पुन्हा सुमारे पाचातले एक. आणि त्यात अमेरिकेत बनलेली व भारतात बनलेली यांत फारसा फरक नव्हता. हा काही आयुर्वेद विरुद्ध अॅलोपॅथी असा वाद नाही. आयुर्वेदात नागभस्म म्हणजे शिशाचे भस्म हे उघड सांगितलेले औषध आहे. माझे म्हणणे एवढेच, की कागदाच्या पुडीत नाव नसलेली पूड कोणी दिली, तर ती घेऊ नका. आणि घेत असाल तर ती पुडी मला दाखवायला आणा, लपवू नका.

आता हळद. नांदेड आणि शेजारचे वसमत या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा, वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन आहे. म्हणून ही बांगलादेशातली गोष्ट आपण नीट ऐकली पाहिजे. तिथल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसे जास्त सापडत होते आणि जवळपास कारखाना नव्हता, गाड्या नव्हत्या. स्टॅनफर्डच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्यातल्या शास्त्रज्ञांनी माग काढत नेला तो हळदीपर्यंत. पुरानंतर हळद ओली राहून फिकी पडे, तेव्हा गिरणीत पॉलिश करताना तिला शिशाच्या क्रोमेटचा पिवळाधमक रंग देण्याची रीत १९८० च्या दशकात पडली होती. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पत्रके वाटली, अधिकारी हातात एक्सआरएफ यंत्र घेऊन घाऊक बाजारात गेले, व्यापाऱ्यांना जागेवर दंड झाले. रसायनशाळेच्या अहवालाची महिनाभर वाट पाहायची नव्हती, हीच यंत्राची ताकद. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नव्हते. गिरणी कामगारांच्या रक्तातले शिसे सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. इतक्या कमी काळात, इतक्या कमी खर्चात विष हटल्याची उदाहरणे सार्वजनिक आरोग्यात मला फार माहीत नाहीत.

त्यांनीच पुढे भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून ३५६ नमुने घेतले. २०२४ मध्ये निष्कर्ष आला. बहुतेक हळद चांगली होती. पण आपल्या अन्नसुरक्षा नियमाची मर्यादा दहा लाखांत १० भाग असताना पाटण्याच्या, कराचीच्या, पेशावरच्या काही नमुन्यांत ती हजारांच्या घरात गेली. सुटी पूड आणि चकचकीत पॉलिश केलेली हळकुंडे यांत भेसळ अधिक. म्हणजे 'हळकुंड घेऊन घरी दळले की झाले' हे पुरेसे नाही. आपण तर हळद पिकवणाऱ्या मुलखात राहतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडची, पॉलिश न केलेली, खडबडीत, थोडी मातकट दिसणारी हळकुंडे घ्या. फार देखणी हळद नको.

एका रुग्णाने मला विचारले होते, सराफाच्या यंत्रात हळदीची पुडी ठेवली तर चालेल का? चालणार नाही. ते यंत्र सोन्याचे टक्के मोजायला लावलेले असते, दहा लाखांत दहा भाग ओळखायला नाही. एक्सआरएफच्या इतर मर्यादाही माहीत असाव्यात. ते वस्तूचा वरचा थरच पाहते. पिण्याच्या पाण्यातले शिसे इतके विरळ असते, की हातातल्या यंत्राला ते ऐकूच येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. शिसे आणि आर्सेनिक यांचे मुख्य किरण जवळजवळ एकाच ऊर्जेचे, त्यामुळे नवख्या हाताची गफलत होते. आणि आपल्या किनवटकडच्या बोअरच्या पाण्यात दात-हाडे बिघडवणारे जे फ्लोराइड आहे, ते त्याला मुळीच दिसत नाही. फ्लोरिन इतका हलका, की त्याचा किरण यंत्राच्या खिडकीपर्यंत पोचत नाही.

याच तत्त्वाने माणसाचे हाडही मोजता येते. कॅडमियमचा किरणोत्सारी स्रोत नडगीसमोर धरून अर्धा तास बसवतात आणि हाडातले शिसे वाचतात. आपल्याकडे ही तपासणी रोजच्या वापरात नाही, पण तिने शिकवलेली गोष्ट उपयोगाची आहे. रक्तातले शिसे महिन्या-दोन महिन्यांत उतरते, हाडातले वीस-तीस वर्षे राहते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हाडातून कॅल्शियम निघते, त्याच्याबरोबर शिसेही निघते आणि बाळाकडे जाते. २००० पूर्वी मोठ्या शहरात रस्त्यालगत लहानाची मोठी झालेली बाई स्वतःच्या बालपणातले शिसे असे पुढे देऊ शकते. उपकेंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या फडताळात ठेवू नका, खा. लोहाच्याही खा, कारण रक्त कमी असलेले शरीर आतड्यातून शिसे जास्त ओढून घेते. माती किंवा भिंतीचा पोपडा खाणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन तपासायचे ते याचसाठी.

तपासणी कोणाची करावी? बॅटरी, भंगार, जुना रंग घासणे, धातू वितळवणे, झाळकाम ही कामे ज्या घरात आहेत तिथल्या माणसांची आणि पाच वर्षांखालच्या मुलांची. माती खाणाऱ्या मुलांची. पुडीतले अनामिक औषध चालू असणाऱ्यांची. सरसकट सगळ्यांनी करू नये, पैसे वाया जातील. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात बोटावरचीच धूळ मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून तो जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा करावी. ५ च्या वर असेल तर स्रोत शोधायचा. मुलात ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर शिसे बाहेर काढणारी औषधे रुग्णालयात द्यावी लागतात, पण स्रोत घरात तसाच ठेवून ती दिली तर महिन्याभरात आकडा पुन्हा वर जातो. स्रोत काढल्यावर दुसरी तपासणी साधारण एक ते तीन महिन्यांनी करा. आठवड्याभरात केली तर आकडा फारसा हललेला दिसणार नाही आणि तुम्ही उगाच घाबराल.